मागच्या आसनावरून

‘निलंबन’ हा शब्द कानावर पडला की शिक्षकी पेशातल्या माणसाला शासकीय आदेश आठवतो, मोटारगाडी आठवत नाही. तरीही ‘सस्पेन्शन’ला मराठी प्रतिशब्द द्या म्हटले तर बहुतेकांच्या हाताशी तोच येतो. गॅरेजमध्ये मात्र तो कोणी उच्चारत नाही. आमच्याकडचे मिस्त्री सरळ ‘सस्पेन्शन’ म्हणतात. त्यांच्या आधीची पिढी, जिने ट्रक आणि एसटीच्या गाड्या दुरुस्त केल्या, ती ‘कमान’ किंवा ‘कमानपाटे’ म्हणे. मला हा जुना शब्द फार नेमका वाटतो. घड्याळातली कमान, देवळाच्या वाटेवरची कमान आणि गाडीखालची कमान यांत एक गोष्ट समान आहे. तिन्ही वाकलेल्या असतात आणि वाकलेल्या असतात म्हणूनच ताण किंवा भार पेलतात. इंग्रजी शब्दाच्या पोटात वेगळी आठवण आहे. युरोपातील जुन्या घोडागाड्यांची पेटी चामड्याच्या पट्ट्यांनी खरोखरच टांगलेली असे. पट्ट्या गेल्या, पोलादी कमानी आल्या, टांगण्याचा शब्द तेवढा मागे राहिला.

हा शब्दविचार अगदीच रिकामपणाचा नाही. गेले दोन महिने आमच्या घरात गाडीची चाके आणि कमानी बदलण्याचा विषय चालू होता, आणि त्याची चर्चा करता करता बदल नेमका कोणासाठी करायचा, हा प्रश्न पुढे आला. साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये.

आम्ही दिघीला राहतो. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी, श्रीवर्धन तालुक्याच्या उत्तर टोकाला हे गाव आहे. मी खाडीपलीकडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. दिघी आणि आगरदांडा यांच्यामध्ये गाड्या नेणारी फेरीबोट चालते. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो, शेवाळलेला असतो, आणि बोटीची लोखंडी फळी त्याच्याशी असा काही कोन करते की खाली बसक्या गाडीचे पोट हमखास घासते. दुसऱ्या दिशेला बोर्लीपंचतन, म्हसळा, साई आणि मग माणगाव. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्गात मोडतो आणि बंदराची मालवाहतूकही त्यावरून चालते. जुन्या अरुंद वाटेच्या मानाने तो कितीतरी सुधारला आहे. पण सुधारलेल्या पट्ट्यातून जुन्या पट्ट्यात उतरताना जो उंबरा लागतो आणि प्रत्येक वस्तीपुढे जे गतिरोधक उभे आहेत, त्यांचा हिशोब नकाशात नसतो.

घरात गाडी एक आणि तिच्याकडून अपेक्षा तीन माणसांच्या. माझी अपेक्षा एवढीच, की ती फेरीत चढावी आणि उतरावी. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. हाडे ठिसूळ झाल्यामुळे तिच्या कमरेतला एक मणका दबला आहे, आणि महिन्यातून दोनदा तिला माणगावला न्यावे लागते. ती तक्रार करत नाही. गतिरोधक दिसला की पुढच्या आसनाची पाठ दोन्ही हातांनी धरते आणि स्वतःला किंचित वर उचलून घेते. धक्का उतरला की पुन्हा टेकते. बोर्ली येईपर्यंत हे किती वेळा होते, ते मी आरशातून मोजत असे.

तिसरा माझा भाचा. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात आमची सुपारीची वाडी झोपली. श्रीवर्धनी रोठा नाव काढणारी ती झाडे तासाभरात आडवी झाली. नवी रोपे त्याने त्याच पावसाळ्यात लावली, पण सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. तोवर तो मिळतील ती लहान कंत्राटे घेतो आणि त्याच्या लग्नाचे जमवणे चालले आहे. कोकणात वाडी राखून राहिलेल्या मुलाला मुलगी मिळणे किती अवघड झाले आहे, हे इथल्या कोणत्याही घरात विचारावे. गाडीचे निम्मे पैसे त्याचे आहेत. त्याचे म्हणणे असे, की पाहुणे अंगणात आले की आधी गाडी बघतात. तिला चौदा इंची लोखंडी रिमा आणि प्लास्टिकच्या टोप्या आहेत. त्या जागी सोळा इंची मॅगव्हील घालावी आणि कमानी आखूड, कडक घेऊन गाडी जराशी खाली बसवावी. “आत्या, निदान बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की घर उभं राहिलंय,” असे तो म्हणाला. या वाक्याला हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

म्हणून मी टायर वाचायला शिकले. टायरच्या कडेवर एक ओळ उठावात कोरलेली असते, तिच्याकडे आपण लक्ष देत नाही. आमच्या टायरवर ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ असा मजकूर आहे. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ८० हा आकडा टायरच्या भिंतीची उंची सांगतो, पण रुंदीच्या टक्केवारीत. म्हणजे १३२ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास. पुढचा ८५ हा भाराचा सांकेतिक अंक, एका टायरने ५१५ किलोपर्यंत भार घ्यावा असे सांगणारा. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरची मर्यादा. भाच्याने निवडलेला टायर ‘१९५/५५ आर १६’ होता. त्याची भिंत साधारण १०७ मिलिमीटर भरते. आता दोन्हींचा पूर्ण व्यास काढला तर पहिला सुमारे ६२० मिलिमीटर आणि दुसरा ६२१. तो जवळपास सारखा ठेवावाच लागतो. नाहीतर वेगमापक खोटे बोलतो आणि चाक वळताना आतल्या पत्र्याला लागते. थोडक्यात, बाहेरून चाक तेवढेच राहते. आत धातू वाढतो आणि हवा घटते.

ही घटलेली पंचवीस मिलिमीटर हवा म्हणजेच गाडीची पहिली कमान. खडा, भेग, रस्त्याचा खरबरीतपणा हे सगळे आधी रबराची भिंत आणि तिच्यामागची हवा पचवते. भिंत बुटकी झाली की खड्ड्याची धार थेट रिमपर्यंत पोचते. लोखंडी रिम वाकते आणि मिस्त्री ती ठोकून सरळ करतात. मॅगव्हीलला तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेली रिम जोडून वापरणे धोक्याचे. शिवाय इथली हवा खारी. लोखंडाला गंज चढतो तो दिसतो तरी. मॅगव्हीलवरचा पारदर्शक थर एकदा टवका उडून उघडा पडला की त्याच्याखाली पांढुरकी बुरशीसारखी रेघ पसरत जाते. चाकाचे वजनही पाहावे लागते. कमानीच्या वर असलेले वजन कमान सांभाळते; चाक, टायर, ब्रेकची तबकडी ही कमानीच्या खालची मंडळी. ती जितकी जड, तितकी प्रत्येक उंचवट्यावर जोरात उसळतात आणि त्यांना रस्त्याला टेकवून ठेवणे अवघड होते. मॅगव्हील म्हणजे हलके हा समज सर्वस्वी खरा नाही. मोठ्या मापाचे स्वस्त ओतीव चाक लहान लोखंडी चाकापेक्षा जड भरू शकते. ते दिसते मात्र हलके, कारण त्याचे आरे उघडे असतात.

चाके बदलण्याची ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तिसाव्यापर्यंत दख्खनमधल्या गाड्यांना दगडी चाके असत. १८३६ मध्ये जमीन मोजणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड याने सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णीला सुधारलेल्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला, आणि आपण जिला परंपरागत बैलगाडी म्हणतो तशी हलकी गाडी त्यानंतर पसरली. तुंबा, आरे आणि वरून लोखंडी धाव असलेले लाकडी चाक दख्खनमध्ये सर्रास दिसू लागले ते या बदलानंतर. पुढे विसाव्या शतकात त्याच गाडीला रबरी टायर आले. ऊसतोडणीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्राच्या रस्त्यांवर या टायरगाड्यांच्या रांगा दिसतात. टायरमुळे ओढ हलकी झाली, हे खरे. पण ओढ हलकी झाली म्हणून ऊस जास्त भरला गेला, आणि बैलाच्या मानेवरचे ओझे काही उतरले नाही. सुधारणा झाली ती गाडीत; तिचा लाभ कोणाला, हे ठरवले गाडी भरणाऱ्याने. ही गोष्ट आठवली तेव्हापासून मी आमच्या गाडीच्या प्रत्येक प्रस्तावाला तोच प्रश्न विचारू लागले.

आता कमानींकडे. गाडीखाली दोन वेगळी कामे चालतात आणि बोलताना आपण ती एक करून टाकतो. कमान, म्हणजे आजच्या गाडीतली वळ्यांची स्प्रिंग, भार पेलते आणि धक्का साठवून घेते. पण साठवलेले ती परत करते. एकटी सोडली तर गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ डोलत राहील. ते डोलणे शमवणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम. त्याच्या नळीत तेल असते, दट्ट्याला बारीक छिद्रे असतात, आणि त्या छिद्रांतून तेल ढकलले जाताना हालचालीची ऊर्जा उष्णतेत विरते. म्हणजे ‘शॉक’ धक्का घेत नाही, धक्क्याची आठवण पुसतो. नव्वद हजार किलोमीटरनंतर आमच्या गाडीचे मागचे दोन्ही शॉक तेलाने ओले झाले होते. मिस्त्रींनी मागचा कोपरा जोर देऊन दाबला आणि सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी होती, ती तीनदा खालीवर झाली. पुढच्या बाजूचे रबरी बुशही चिरले होते.

साधारण प्रवासी गाडीचे अंग सेकंदाला एक ते दीड वेळा डोलेल अशी कमान निवडतात. ही गती चालण्याच्या लयीहून संथ आहे, आणि शरीराला ती फारशी खुपत नाही. शरीर सर्वांत हळवे असते ते सेकंदाला चार ते आठ कंपनांच्या पट्ट्यात, विशेषतः उभ्या दिशेने. बसलेल्या माणसाचा कणा आणि पोट तिथे साथ देऊ लागतात. कमान कडक केली की डोलण्याची गती वाढते आणि रस्त्यावरचे बारीक कंप अंगापर्यंत जास्त पोचतात. ज्याच्या हातात चक्र आहे त्याला ते आवडते. रस्ता हाताला कळतो, वळणावर गाडी कलत नाही, आणि पुढचा खड्डा दिसत असल्यामुळे त्याचे शरीर आधीच सावध असते. मागे बसलेल्याला खड्डा दिसत नाही. त्याला तो फक्त बसतो.

बाजारात आणखी एक स्वस्त उपाय मिळतो. स्प्रिंगच्या वळ्यांमध्ये रबराचा जाड बफर अडकवायचा. गाडी वर उचलली जाते, फेरीच्या फळीवर पोट घासत नाही. मला हा उपाय आधी पटला होता. मिस्त्रींनी समजावले ते असे, की बफर बसला की त्या जागेची वळी काम करेनाशी होतात, आणि काम करणारी वळी जितकी कमी तितकी स्प्रिंग कडक. गाडी उंच होईल, पण आईच्या कमरेला तेच भोगावे लागेल जे आखूड कमानीने भोगावे लागले असते. म्हणजे माझी सोय आणि भाच्याची हौस, वेगवेगळ्या वाटांनी जाऊन, एकाच मणक्यावर येऊन टेकत होत्या.

भोई पालखी वाहत तेव्हा पुढचा माणूस मागच्यांना वाटेतला खड्डा, पाणी, काटा ओरडून सांगत असे. रायगड जिल्ह्यातल्या डोंगरावरच्या वाड्यांतून आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या अजूनही येतात. त्या झोळीला कमान असते ती बांबूची आणि वाहणाऱ्यांच्या गुडघ्यांची. ती व्यवस्था चांगली होती असे म्हणण्याचा निर्लज्जपणा कोणी करू नये. माणसाने माणसाला खांद्यावर वाहावे लागणे ही लाजेचीच गोष्ट आहे. पण आत कोण आहे, हे त्या गुडघ्यांना ठाऊक असते. यंत्राला ते ठाऊक नसते. ते आपण त्याला आधी सांगून ठेवावे लागते, आणि सांगण्याची वेळ म्हणजे निवड करण्याची वेळ.

मूळ वस्तूत बदल करण्याचा अधिकार किती, हा प्रश्न आपल्या अभ्यासविषयात जुना आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ ला, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि त्या पाठात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. मोटारींच्या बाबतीत हेच काम कायद्याने केले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. पण एकनाथांनी केवळ मनाई केली नव्हती. अपपाठ काढले होते, म्हणजे झिजलेले, बिघडलेले मूळ जागी आणले होते. गॅरेजच्या भाषेत सांगायचे तर नवे काही लावण्याआधी जुने होते तसे करून पाहावे. आमच्या गाडीच्या बाबतीत हा पहिला उपाय फुकट होता. चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरमध्ये किती हवा भरावी याची पट्टी चिकटवलेली असते. पंपावरचा मुलगा सवयीने त्याहून सहा-सात अंक जास्त भरत होता. ती हवा पट्टीप्रमाणे केली, त्या दिवशीच बोर्लीच्या अलीकडच्या खडबडीत पट्ट्यात फरक कळला.

तरीही चाकांचा प्रश्न उरलाच होता, आणि तो नुसत्या ‘नाही’ने सुटणारा नव्हता. वाहणे, चालवणे आणि दिसणे या तिन्ही गरजा खऱ्या होत्या. ज्याची वाडी गेली त्या मुलाला आपले घर उभे आहे असे दाखवावेसे वाटणे, ही गरज मणक्याच्या दुखण्याइतकी तातडीची नसेल, पण खोटी नाही. मी त्याला एवढेच सांगितले, की पुढच्या खेपेस गाडी मी चालवीन, तू मागे आजीशेजारी बस. माणगावपर्यंत तो बसला. जाताना गप्पा मारत होता. म्हसळ्याच्या पुढे गप्पा थांबल्या. एका उंबऱ्यावर आईने पुढचे आसन धरायच्या आत गाडी आदळली, आणि तिने आवाज न करता डोळे मिटले. परतीच्या वाटेवर त्याने तिच्या पाठीमागे आपला हात लावून ठेवला होता. घरी आल्यावर चाकांचा विषय त्यानेच काढला: “सोळा नको, आत्या. पण टोप्या तरी काढू.”

शेवटी जे ठरले ते असे. याच गाडीच्या वरच्या प्रकाराला निर्माताच ‘१८५/६५ आर १५’ टायर देतो. पूर्ण व्यास तोच, भिंत १२० मिलिमीटर. म्हणजे आईच्या वाट्याची बारा मिलिमीटर हवा गेली. त्या मापाची मॅगव्हील घेतली. रिमवर आयएसआयची खूण, भाराचा आकडा, नटांच्या वर्तुळाचे माप आणि चाक आत-बाहेर किती बसते ते मूळ चाकाशी ताडून. चाक बाहेर काढून बसवले की गाडी रुबाबदार दिसते, पण बेअरिंगवर ताण येतो. तो मोह भाच्याने आपण होऊन सोडला. कमानी मूळच्याच ठेवल्या. शॉक चारही नवे, मूळ मापाचे, बुश नवे, मग अलाइनमेंट. बफर नाही. फेरीच्या फळीवर मी तिरकी चढते आणि भरतीची वेळ पाहून निघते. समुद्राकाठी राहणाऱ्याला हे अवघड नसावे.

मणका यामुळे बरा झालेला नाही, होणारही नाही. भाच्याचे अजून जमलेले नाही. पाहुणे येऊन गेले, त्यांनी गाडी पाहिली की नाही ते कळले नाही. आई अजूनही गतिरोधक दिसला की पुढचे आसन धरते. पण आता स्वतःला उचलून घेत नाही, नुसता हात ठेवते.

‘वाहन’ हा शब्द वाहण्यावरून आला, चालवण्यावरून नाही. एसटीच्या दारावर चालक आणि वाहक अशी दोन नावे वेगळी लिहिलेली आपण लहानपणापासून वाचतो, आणि वाहक नेमके काय वाहतो याचा विचार करत नाही. कृतीची चर्चा करताना आपणही बहुधा चालवणाऱ्याच्या बाजूने बोलतो, त्याला काय म्हणायचे होते, त्याची पकड कशी होती. नाहीतर अंगणात उभ्या असलेल्या पाहुण्याच्या बाजूने, बांधणी कशी दिसते, घाट कसा आहे. ज्याला पुढचा रस्ता दिसत नाही आणि ज्याच्या अंगात प्रत्येक वाक्य उतरते, तो मागे बसलेला असतो. वर्गात एखाद्या कवितेची ‘सुधारलेली’ आवृत्ती आणि पहिली आवृत्ती शेजारी ठेवून कोणती चांगली असे विचारण्याआधी, ती कोणाला घेऊन चालली आहे हे मी हल्ली विचारते. विद्यार्थी थोडे गोंधळतात. मग त्यांच्यापैकी एखादा कविता पुन्हा वाचतो, या वेळी जरा सावकाश.